जुन्या पत्रांतल्या आवया: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पेशवेकालीन छापील पत्रे वाचत आहे. मूल बदलता यावे म्हणून नारायणराव पेशव्यांच्या विधवा पत्नी गंगाबाईंसोबत पुरंदर किल्ल्यावर इतर गरोदर बायकाही ठेवल्या होत्या, या वदंतेची शहानिशा कशी करावी?

उत्तर: आधी तारखा लावा. ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे 4, 70, 100 आणि 1000, एकूण सुहूर (पेशवे दप्तरातली, अरबी अंकनामांनी लिहायची कालगणना) 1174. हे वर्ष मृगाला लागते, त्या काळी जूनच्या सुरुवातीस. इसवी सन काढायला तिथून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून 600. नारायणरावांचा खून (30 ऑगस्ट 1773) आणि त्यांचे व गंगाबाईंचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म (18 एप्रिल 1774) एकाच सुहूर वर्षातले आहेत. सरसकट 599 मिळवले, तर जन्म खुनाच्या आधी पडतो.

‘छ’पुढचा आकडा ही चंद्राची तारीख. ती चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणून शुद्ध पक्षात तिथीपेक्षा एकदोन अंकांनी मागे असते. ‘पैवस्ती’ म्हणजे पत्र पोचल्याचा दिवस. तीच लिहिल्याची तारीख धरली की बातमीचा सगळा माग चुकतो.

मग प्रत्येक आवईचे एक कार्ड करा: लिहिणारा, मुक्काम, दोन्ही तारखा आणि क्रियापद. ‘पाहिले’ आणि ‘आइकिले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन पत्रांत तेच शब्द त्याच क्रमाने आले, तर साक्षीदार एकच समजा.

आता 18 एप्रिलच्या आधीची आणि नंतरची कार्डे वेगळी करा. नारायणरावांनंतर पेशवे झालेले त्यांचे चुलते राघोबादादा यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, गंगाबाईंना जानेवारी 1774 मध्ये गडावर नेले. तेव्हापासून जन्मापर्यंतच्या पत्रांत, तेही गडावरून लिहिलेल्या, ही गोष्ट दिसते का, एवढाच खरा प्रश्न. मुलगा झाला की राघोबादादांची पेशवाई धोक्यात येणार होती. त्यांच्या गोटातल्या पत्रातून गडावरचे काही सिद्ध होत नाही; गोटातली धास्ती मात्र चांगली कळते, आणि आमच्या मते तीही इतिहासाला तितकीच मोलाची आहे.

प्रश्न: नारायणरावांना ‘धरावे’ या हुकमाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले म्हणतात; तो ‘ध’चा ‘मा’ कागदावर ओळखता येईल का?

उत्तर: मूळ कागद हाती असेल तरच. ‘धरावे’चे ‘मारावे’ करताना अक्षर बदलून भागत नाही, काना घालावा लागतो. मोडीत आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहितात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे काना दाटीने बसतो, शाईही वेगळी दिसू शकते. नकलेवर विसंबू नका. नक्कल करणाऱ्याने सरळ ‘मारावे’ लिहिले, की खाडाखोड उरतच नाही.