एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, पालेभाज्या बंद कराव्यात का?

बंद करू नका. पालक, मेथी, कोथिंबीर यांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा असर कमी करतं हे खरं, पण डोस तुमच्या नेहमीच्या जेवणावरच बेतलेला असतो. आठवड्यातून तीनदा वाटीभर भाजी खात असाल तर तेवढीच खात राहा. अचानक रोज पालकाचा रस सुरू केला की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) घसरतो. तापात जेवण तुटलं की चढतो. तो साधारण 2 ते 3 मध्ये हवा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर डॉक्टर वेगळा आकडा देतात.

भाजीपेक्षा गोळ्यांची काळजी जास्त करा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवते. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आयएनआर झपाट्याने चढवते, म्हणून वॉरफरिन चालू असल्याचं प्रत्येक डॉक्टरांना आधी सांगा आणि नवी गोळी लागली की काही दिवसांतच तपासणी करा.

डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवला तर घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

काळी शौच, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं: यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा.