कोकण पर्यटनावर प्रकल्प करताय तर चाकरमान्याला विचारा

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या प्रकल्पासाठी गणपतीपुळ्याला दोनशे पर्यटकांकडून समाधानाचा फॉर्म भरून घेणार, एक ते पाच गुण, आणि त्यात नवीन काय करता येईल. मुलांचे असे प्रकल्प बरीच वर्षं वाचतोय म्हणून स्पष्ट सांगतो, तो फॉर्म सोडा. सुट्टीवर आलेला, पोटभर मासे जेवलेला माणूस चारच्या खाली टिक करत नाही, मग निष्कर्षात उरतं ते 'बहुतेक पर्यटक समाधानी, स्वच्छतागृहं वाढवावीत'. त्यासाठी सहा महिने कशाला घालवायचे?

अनुभव दिवसभर बदलत असतो आणि घरी गेल्यावर परत बदलतो, सध्याच्या संशोधनाचा मोठा भर यावरच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की आपण एखादा प्रसंग आठवतो तेव्हा त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यावरून मत बनवतो, तो किती वेळ चालला हे फारसं धरतच नाही. आता कोकणच्या सहलीचा शेवट कुठे होतो? रविवारी संध्याकाळी मुंबईला परतताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये. आणि फॉर्म मात्र सकाळी चेकआउटलाच भरून घेतलेला! त्यापेक्षा सहल चालू असताना दिवसातून दोनदा व्हॉट्सअॅपवर दोनच प्रश्न पाठवा, आणि तीन आठवड्यांनी फोन करून तेच परत विचारा. चिक्सेंटमिहाय हे मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात लोकांना पेजर देऊन त्या-त्या क्षणाचा अनुभव असाच विचारायचे, आता फोन सगळ्यांच्याच खिशात आहे.

ठिकाणं म्हणाल तर वेळासला कासवं बघायला लोक रात्रभर प्रवास करून येतात आणि कधीकधी अंड्यांच्या जागेवरची टोपली उचलली की खाली एकही पिल्लू नसतं, तरी काही जण खूश होऊन जातात, काही चिडून. हा फरक कशाने पडतो, समजावून सांगणाऱ्या गावातल्या पोराने की घरगुती जेवणाने, हा स्वतंत्र प्रकल्प आहे. किंवा कशेळीच्या सड्यावरचं (खडकाळ पठारावरचं) हत्तीचं कातळशिल्प घ्या. ते सुमारे १८ मीटरचं आहे, ड्रोनच्या फोटोत अख्खं दिसतं, पण जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेषा दिसतात. २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, म्हणजे गर्दी वाढणार, आणि ती गर्दी फोटोतला हत्ती शोधत येणार.

पण मला विचाराल तर चाकरमानी घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत नेहमीच्या वावराबाहेर, वर्षापेक्षा कमी काळ, तिथे नोकरी करायला नाही असा गेलेला आणि रात्र मुक्काम केलेला माणूस पर्यटक, नातेवाईकांकडे गेला तरी. म्हणजे लालबागवरून पाच दिवसांच्या गणपतीला देवगडात आलेला माणूस पर्यटकच झाला की! पण तो कुठल्याच हॉटेलच्या रजिस्टरमध्ये नसतो म्हणून आपल्या प्रकल्पांत दिसत नाही. अशा प्रवाशांना आपण कमी मोजतोय का हा प्रश्न पर्यटन-संशोधक जॅक्सन यांनी १९९० मध्येच विचारलाय, आपल्याकडे तो अजून रेल्वेच्या गणपती स्पेशलच्या बातमीपुढे गेलेला नाही.

आणि यात खरी मजा अशी की एकाच घरात, त्याच पाच दिवसांत, तीन वेगळे अनुभव चाललेले असतात. बापाला ते घरी परतणं वाटतं. मुंबईत जन्मलेल्या मुलाला गाव जवळजवळ पर्यटनस्थळच, तो आरतीचे रील्स करतो आणि दुसऱ्या दिवशी तारकर्लीला स्कूबाला जायचं म्हणून हट्ट धरतो. आणि सुनेची सुट्टी चुलीपुढे संपते. तिघांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र विचारलंत तर बापच बोलेल. सुनांशी बोलायला बरोबर एखादी मैत्रीण न्या.

गावात राहणाऱ्या भावालाही विचाराच, वर्षभर घर तोच सांभाळतो. पर्यटन-संशोधक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं की पर्यटक वाढले की गावकरी आधी आनंदी, मग उदासीन, मग त्रस्त आणि शेवटी विरोधात जातात. ही पायरी मालवणात पॅरासेलिंगवाले आणि रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार) यांच्यात तपासता येईल. पण इथे पाहुण्याचं नाव सातबाऱ्यावर आहे, त्याला परका म्हणायची सोयच नाही, राग असला तरी तो जमिनीच्या, वर्गणीच्या, मानपानाच्या बोलण्यातून बाहेर येतो. हे मॉडेलमध्ये बसत नाही आणि म्हणूनच लिहिण्यासारखं आहे.

दोनशे माणसं नकोत, एक वाडी घ्या, पंधरा-वीस घरं पुरतील. गणपतीच्या दिवसांत फक्त बघा आणि टिपणं काढा, मुलाखती नंतर मुंबईत त्यांच्या घरी जाऊन घ्या, कारण सणात कोणाला तासभर बसायला वेळ नसतो आणि भावासमोर कोणी मोकळं बोलतही नाही. प्रकल्पाचे गाइड आकडे मागतीलच, त्यासाठी प्रत्येक घराचा खर्च, किती रात्री राहिले आणि गावाबाहेर कुठे फिरायला गेले एवढं मोजून ठेवा. आणि वाडीतल्या मानकऱ्यांशी आणि वाडीच्या मुंबईतल्या मंडळाशी आताच बोलून परवानगी घ्या, ऐनवेळी कोणी ऐकत नाही.