प्रोग्रेस बार मधेच अडकतो, काय करू?

प्रश्न : गावच्या दूध संस्थेसाठी मी सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून बिलाचं सॉफ्टवेअर केलंय. दर दहा दिवसांनी बिलं काढायची असतात, फॅट-एसएनएफवरून (दुधातलं स्निग्ध आणि बाकीचे घन पदार्थ) दर, अ‍ॅडव्हान्स आणि पशुखाद्याची कपात वगैरे, वीसेक हजार नोंदी फिरतात, दोनेक मिनिटं जातात. लूपमध्ये बारची व्हॅल्यू वाढवतोय पण तो सुरुवातीला थोडा सरकतो, मग अडकतो, शेजारचं लेबल तर बदलतच नाही आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं. मित्राच्या सांगण्यावरून लूपमध्ये डूइव्हेंट्स ही आज्ञा टाकली, तर बार हलला पण ऑपरेटरने मधेच बटण परत दाबलं आणि काही जणांची बिलं दोनदा निघाली!
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तुमचा बार बरोबर आहे, लूप चुकीच्या ठिकाणी आहे. खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं, लेबल बदलणं हे सगळं एकच थ्रेड (प्रोग्रॅममधली कामाची एक स्वतंत्र साखळी) करतो, यूआय म्हणजे स्क्रीन सांभाळणारा थ्रेड, आणि तुम्ही त्यालाच बिलं काढायला बसवलंय. काउंटरवरचा माणूस आत पोती मोजायला गेला की बाहेरून कितीही हाका मारा, तसलं. पाचेक सेकंद मेसेज (क्लिक झाला, खिडकी रंगवा असे निरोप) उचलले गेले नाहीत की विंडोज समजतं हा अडकला, मग तुमच्या खिडकीच्या जागी तिचीच गोठलेली नक्कल लावून ठेवतं, म्हणून मागे काम चालू असूनही बार थांबलेला दिसतो.

डूइव्हेंट्स काढाच. ते साठलेले सगळे मेसेज तिथल्या तिथे चालवतं, त्यात बटणाचा क्लिकही आला, म्हणजे पहिली बिलं अर्धवट असताना आतून दुसरी सुरू. व्हीबीच्या (व्हिज्युअल बेसिकच्या) काळापासूनची सवय आहे ती आपल्याकडे, जाता जात नाही.

आता करायचं काय, तर क्लिकच्या मेथडला असिंक लावा, पहिल्याच ओळीत बटण डिसेबल करा, तारखा वगैरे स्क्रीनवरून आधीच व्हेरिएबलमध्ये घ्या आणि मग लूप टास्क डॉट रनमध्ये, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर, टाकून त्याला अवेट करा, म्हणजे तो संपेपर्यंत यूआय थ्रेड मोकळा राहतो. बारला आतून हात लावायचा नाही, नाहीतर क्रॉस-थ्रेडचा एरर येतो. त्यासाठी प्रोग्रेस नावाचा क्लास आहे, डॉट नेट 4.5 पासून म्हणजे 2012 पासून, त्याला आकडा रिपोर्ट केला की तो यूआय थ्रेडवर आणून देतो. फक्त तो ऑब्जेक्ट टास्कच्या बाहेर, क्लिकच्या मेथडमध्येच बनवा, कारण तो जिथे बनतो तिथला थ्रेड लक्षात ठेवतो, आत बनवला तर सगळं मुसळ केरात. जुनं फ्रेमवर्क असेल तर बॅकग्राउंडवर्कर हा काम मागे चालवणारा क्लासही चालेल, 2005 पासून आहे, त्यात वर्कररिपोर्ट्सप्रोग्रेस ट्रू करायला विसरू नका, डीफॉल्ट फॉल्स असतं आणि मग रिपोर्ट केल्यावर एक्सेप्शन येतं.

दुसरं म्हणजे प्रत्येक नोंदीला रिपोर्ट करू नका. वीस हजार मेसेज यूआयच्या रांगेत टाकलेत तर ती परत तुंबणार. टक्का बदलला तरच पाठवा, शंभर वेळात काम होतं.

आणि डबल बिलांचं म्हणाल तर नुसत्या बटणावर विसंबू नका हो, पैशाचा मामला आहे. संपूर्ण बिलिंग एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) ठेवा आणि डेटाबेसमध्ये उत्पादक नंबर अधिक कालावधी यावर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारी अट) लावा, म्हणजे कुणी दोन कॉम्प्युटरवरून काढली तरी दुसरं बिल आत जाणारच नाही. काम चालू असताना खिडकी बंद करू देऊ नका, किंवा मग रद्दचं बटण द्या आणि ट्रान्झॅक्शन मागे घ्या.

प्रश्न : काम संपल्याचा मेसेज येतो तेव्हा बार नव्वदच्या आसपासच असतो. आणि एकूण नोंदी आधी माहीत नसतील तर टक्का कसा दाखवायचा?

उत्तर : विंडोज व्हिस्टापासून बार हळूहळू सरकत पुढे जातो, व्हॅल्यू शंभर केलेली असते पण चित्र मागे असतं. खाली येताना मात्र लगेच येतो, म्हणून जुगाड असा की हवी त्यापेक्षा एक जास्त व्हॅल्यू द्यायची आणि लगेच एक कमी करायची, शेवटच्या टप्प्यावर मॅक्सिमम क्षणभर वाढवून घ्यायचं. एकूण माहीत नसेल तर मार्की स्टाइल (टक्का न दाखवता नुसती सरकत राहणारी पट्टी) ठेवा आणि खाली लेबलवर किती नोंदी झाल्या तो आकडा फिरू द्या. उगाच अंदाजाने टक्के दाखवून नव्व्याण्णववर अर्धा तास थांबलेला बार बघितला की माणूस सरळ टास्क मॅनेजर उघडतो.