कलर फिल्टर लावताना
भाऊ, लातूरच्या आडतीवरच्या तुझ्या एक्सेल शीटमध्ये सोयाबीनचा भाव चढला की हिरवा रकाना, उतरला की लाल. तुला लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नाही, म्हणजे दोन्ही मातकटच दिसणार. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत कलर फिल्टर्स उघड, ते पडद्यावरचे रंग बदलून दाखवतात. लाल-हिरव्यासाठी ड्युटेरॅनोपिया (हिरवा नीट न ओळखणाऱ्यांसाठी) अन् प्रोटॅनोपिया (लाल नीट न ओळखणाऱ्यांसाठी) असे दोन फिल्टर आहेत. नावांना घाबरू नकोस. तुझीच शीट उघडून दोन्ही लावून बघ, ज्यात रकाने वेगळे उठून दिसतील तो ठेव. तिथंच शॉर्टकट चालू केलास की विंडोज, कंट्रोल, सी एकदम दाबून फिल्टर चालू-बंद होतो. प्रिंट मात्र मूळ रंगातच निघणार, हे फक्त पडद्यापुरतं. म्हणून मला विचारशील तर एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमधून, म्हणजे आकड्यानुसार रकान्याचं रूप आपोआप बदलणाऱ्या सोयीतून, वर-खाली बाणाचे आयकॉनच टाक. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही भाव कळतो.