अळवावरचं पाणी, पालीचे पाय आणि लाल सोनं

प्रश्न : नॅनो म्हणजे अतिशय लहान, एवढंच ना? मग त्यासाठी वेगळं विज्ञान कशाला?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस साधारण 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर जाड असतो. पण नुसत्या लहानपणासाठी मीही या विषयाकडे वळलो नसतो. खरी गंमत अशी की वस्तू तीच राहते आणि आकार घटला की तिचा स्वभाव पालटतो.

सोनं घ्या. त्याचे 20 नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले तर ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरींबरोबर हिंदकळतात. एवढ्याशा कणात त्यांचं हिंदकळणं हिरव्या प्रकाशाशी जुळतं, तो शोषला जातो आणि लाल तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये असे द्राव तयार केले आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे हे ओळखलं. तेव्हा ते कण कोणालाही दिसू शकत नव्हते! त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेल्या आहेत.

दुसरं कारण पृष्ठभागाचं. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून 6,000 चौरस मीटर होतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, त्यामुळे एरवी सुस्त असलेला पदार्थही या आकारात चपळ होतो. सोनं एरवी 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचा कण त्याच्या शेकडो अंश आधीच वितळतो.

प्रश्न : अळवाच्या पानावर पाणी का ठरत नाही? पान तेलकट असतं का?

तेलकट नाही, मेणकट. आणि मेणापेक्षा त्याची रचना महत्त्वाची. पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक. थेंब या टोकांवर टेकतो, खालच्या फटींत हवा अडकून राहते. पानाला त्याचा स्पर्श जेमतेम होतो, म्हणून तो मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो आणि जाता जाता धूळही उचलून नेतो. कमळाचं पानही असंच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये ही स्वच्छतेची युक्ती सविस्तर मांडली. पानाचा एक भाग बोटानं जोरात चोळा आणि मग पाणी टाका. तिथं ते पसरेल, कारण ती नाजूक रचना मोडलेली असेल.

प्रश्न : पालीच्या पायांना डिंक असतो का?

नाही. तिच्या बोटांवर लाखो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला सुमारे 200 नॅनोमीटर रुंदीची शेकडो चपटी टोकं. ती भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षण एकवटून पालीचं वजन पेलतं. केसांचा कोन बदलला की पाय अलगद सुटतो.

प्रश्न : सनस्क्रीनमधले नॅनोकण त्वचेतून शरीरात जातात का? भीती वाटते.

भीती समजण्यासारखी आहे. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे मोठे कण दृश्य प्रकाश विखुरतात, त्यामुळे चेहरा पांढराफटक दिसतो. नॅनोकण तो जाऊ देतात, पण अतिनील किरण अडवतात. निरोगी त्वचेवर ते बहुतांशी वरच्या मृत थरातच राहतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. मला काळजी वाटते ती श्वासाची. फवारलेले कण फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून स्प्रे टाळा, क्रीम वापरा. मुलांसाठी तर नक्कीच.

प्रश्न : मी आठवीत आहे. नॅनोकण मला घरी बघता येतील का?

कण दिसणार नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही नाहीत. दृश्य प्रकाशाच्या लहरीच 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या असतात, त्यांना एवढं बारीक टिपता येत नाही. पण कणांचं काम दिसेल. काचेच्या पेल्यात पाणी घे, साय काढलेल्या दुधाचे चार-पाच थेंब ढवळ. खोलीत अंधार कर आणि पांढऱ्या टॉर्चचा झोत पेल्यातून सोड. दुधातल्या प्रथिनांचे गोळे साधारण 150 नॅनोमीटरचे असतात आणि निळा प्रकाश ते जास्त विखुरतात. बाजूनं बघ, पाणी निळसर दिसेल. मग टॉर्चच्या समोर ये. तोच झोत आता पिवळसर झालेला असेल आणि आणखी दोन-चार थेंब टाकलेस तर मावळतीच्या सूर्यासारखा नारिंगी.