काच अडली की आधी कान लाव
गाडीची काच वर-खाली करणारी मोटार बदलायची घाई करू नकोस रे. ड्रायव्हरची काच चालते, बाकीच्या तीन नाहीत? मग बहुतेक काचा लॉक करायचं बटण चुकून दाबलं गेलंय. चारही बंद असतील तर फ्यूज बघ.

एकच बंद असेल तर बटण दाबून दाराला कान लाव. मोटार फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, म्हणजे बहुतेक रेग्युलेटरची, म्हणजे काच सरकवणाऱ्या यंत्रणेची, केबल तुटली. आवाजच नसेल तर बिजागरीच्या बाजूला दार आणि गाडीच्या खांबामधलं रबर सरकवून वायरी तपास. आपल्या खानापूर-बेळगावच्या पावसात तिथं पाणी शिरतं, तांब्यावर हिरवा थर चढतो. माझ्या गाडीत वायर वरून धड, आतून तुटलेली! १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का दाखवणारा दिवा) लावला तेव्हा सापडली. काच नुसती जड जात असेल तर काच ज्यात सरकते त्या रबरात सिलिकॉन स्प्रे मार. ग्रीस नको, धूळ धरतं.