स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही का देतात?

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या तुमच्या सासऱ्यांना स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यावर रक्त पातळ करायला दोन-दोन गोळ्या कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. खरं तर या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही, प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या रक्तातल्या छोट्या पेशींना, एकमेकींचं ऐकू येईनासं होतं.

रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की आतलं कोलॅजन हे प्रथिन उघडं पडतं. प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचा जीपी-६ हा रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रथिन) त्याला चिकटतो, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ती एडीपी व थ्रोम्बॉक्सेन ही संदेश देणारी रसायनं बाहेर सोडते. ही शेजारणींना मारलेली हाक. एडीपी त्यांच्या पी२वाय१२ रिसेप्टरवर बसलं की प्लेटलेटला शांत ठेवणारं सायक्लिक एएमपी घटतं. मग पृष्ठभागावरचं इंटेग्रिन हे प्रथिन आकार बदलून रक्तातलं फायब्रिनोजेन पकडतं, ते प्लेटलेट्सना एकमेकींशी जोडतं आणि गुठळी धरते.

क्लोपिडोग्रेल पी२वाय१२ कायमचा अडवतं, अ‍ॅस्पिरिन थ्रोम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम कायमचं निकामी करतं. वाटा दोन, म्हणून गोळ्या दोन. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे निकामी झालेलं एन्झाइम ती नव्याने बनवू शकत नाही. तिचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं, तोवर परिणाम टिकतो. थ्रोम्बिन या गुठळी घडवणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा रस्ता मोकळाच असतो, म्हणून जखम उशिरा का होईना, थांबते. दात काढायचा असला तरी गोळी परस्पर बंद करू नका, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.